वहीची मागची पाने

मुलांना छंद लावावा असे ज्या वयात माणसाला मनापासून वाटू लागते, त्या वयात त्याची स्वतःची मुले मोठी होऊन गेलेली असतात. माझेही तसेच झाले. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत पुण्याहून नात आली. वय वर्षे दहा. हिंगोलीचा मे महिना. ऊन असे की कावळासुद्धा कडुलिंब सोडीत नाही. पोरगी सकाळी जी मोबाईल घेऊन झोपाळ्यावर बसे, ती जेवायला हाक मारली तरच उठे.

मी हाडाचा कारकून; तहसील कचेरीत तीस वर्षे काढलेली. तेव्हा रीतसर योजना आखली. रंगपेटी आणली, बुद्धिबळाचा पट आणला, माळ्यावरून पोस्टाच्या तिकिटांची जुनी वही काढली. वेळापत्रकही केले. दहा ते अकरा चित्रकला, पाच ते सहा बुद्धिबळ. दोन दिवस तिने ते निमूटपणे पाळले. तिसऱ्या दिवशी विचारले, "आजोबा, हे संपलं की मोबाईल मिळेल ना?" म्हणजे छंद हा काढा आणि मोबाईल हा वरचा गूळ! शिवाय मी तिला उपदेश करीत असताना माझाच फोन किणकिणला आणि चष्मा सावरून मी पाच मिनिटे त्यात डोके घातले, हेही सांगून टाकतो.

रात्री तिच्या बापाला फोनवर सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची हकीकत ऐकवली. तिथे २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. मग दीड तास घरोघर टीव्ही आणि मोबाईल बंद, असे गावानेच ठरवले. भोंगा थोरांनाही लागू होता, हे मला विशेष आवडले. "तुम्ही पुण्यात असे काही का करीत नाही?" मी तोऱ्यात विचारले.

चिरंजीव जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अण्णा, माझी गणिताची वही आठवते का?"

न आठवायला काय झाले! साल १९९४. आमची हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडायचा होता. चिरंजीव दहावीला. त्या वहीची मागची पाने त्याने चित्रांनी भरून टाकली होती. कयाधूच्या पात्रातले बगळे, पोळ्याचे बैल, औंढ्याच्या देवळावरचे हत्ती. सहामाहीत गुण घसरले. मी ती पाने एकेक करून फाडली आणि न्हाणीघराच्या बंबात घातली. त्याच्यादेखत. "रिकामपणचे उद्योग" हा माझा त्या काळचा लाडका शब्द. पोरगा रडला नाही. त्याने पुन्हा चित्र मात्र काढले नाही. दहावीला उत्तम गुण पडले आणि मी पेढे वाटले.

फोन ठेवल्यावर मी वेळापत्रक भिंतीवरून काढून टाकले.

पुढल्या रविवारी चिरंजीव लेकीला न्यायला आले. सगळे औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो. सकाळीच फरशी तापू लागली होती. नातीने विचारले, "नंदी मागच्या बाजूला कसा?" बापाने तिला नर्सीच्या नामदेवांची गोष्ट सांगितली. पुढून कीर्तन उठवून मागे जायला लावले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. सांगता सांगता त्याची नजर भिंतीवरच्या हत्तीवर गेली. तो थांबला. माझ्या खिशातले पेन त्याने न विचारता काढले आणि अभिषेकाच्या पावतीच्या पाठीवर रेघा ओढू लागला. हात कचरत होता. सोंड आधी आली, मग कान.

"बाबा, तुम्हाला येतं?" नात ओरडलीच. "मला द्या! पाय असे नसतात."

सावलीत बसून बापलेक पायांवरून भांडू लागले. पावती केव्हाच भरली. मी पिशवीतून हिशेबाची डायरी काढून पुढे केली. तिची मागची पाने कोरी होती. चिरंजिवांनी एकदा माझ्याकडे पाहिले, आणि घेतली.

ती डायरी अजून परत आलेली नाही.