सागवानी कैदशाळा

वेलस्ली या युद्धनौकेचा जन्म मुंबईचा. २४ फेब्रुवारी १८१५ रोजी ती मुंबई गोदीतून पाण्यात उतरली, तेव्हा तिच्यावर ७४ तोफांची सोय होती आणि अंग अस्सल सागवानी. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. जन्माआधीच विघ्न आलं होतं. इंग्लंडहून आराखडे घेऊन निघालेलं 'जावा' हे जहाज डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांनी पकडून जाळलं. मग 'कॉर्नवॉलिस' या मुंबईच्याच जहाजाचा आराखडा घेऊन काम भागवलं. नाव मात्र भारदस्त मिळालं. आर्थर वेलस्ली म्हणजे आमच्या मराठवाड्यात असईला १८०३ साली शिंदे-भोसल्यांचा पराभव करून गेलेला तोच, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

इंग्रजांचा जीव ओकवर, पण ओक कुजतो आणि त्यातलं आम्ल लोखंडी खिळे खातं. सागाच्या अंगातच तेल असतं. त्याला कीड सहसा लागत नाही आणि खिळाही टिकतो. वाडियांनी दोन वर्षांनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' आज हार्टलपूलला तरंगते आहे.

वेलस्लीची उमेद लढाईत गेली. फेब्रुवारी १८३९ मध्ये तिच्या तोफांनी कराची घेतली, पुढच्या वर्षी ती चीनवर अफूच्या युद्धात गेली. कराचीच्या वेळी तिच्यावर अॅडमिरल मेटलंड होता. त्याच साली ३० नोव्हेंबरला मुंबईजवळ तिच्यावरच तो वारला. हाच मेटलंड १८१५ मध्ये 'बेलेरोफॉन'चा कप्तान होता आणि नेपोलियन शरण आला तो त्याच्याच जहाजावर. त्या बेलेरोफॉनचं पुढं काय झालं? सरकारनं तिचा तुरुंग केला आणि १८२४ मध्ये नाव ठेवलं 'कॅप्टिव्हिटी'. आडवळण न घेता थेट कैद!

ही चाल जुनी. अमेरिकेतलं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं आणि गुन्हेगार तिकडं धाडता येईनात, तेव्हा १७७६ मध्ये पार्लमेंटनं दोन वर्षांपुरता कायदा केला: जुन्या जहाजांची शिडं-डोलकाठ्या उतरवा, नदीत नांगरा, आत कैदी कोंबा. दिवसा वूलिचला थेम्सचा गाळ उपसायचा, रात्री बेड्यांसकट तळाशी. पहिल्या वीसेक महिन्यांत 'जस्टिशिया' या असल्याच जहाजावरच्या ६३२ कैद्यांपैकी १७६ दगावले. दोन वर्षांचा तो कायदा ऐंशी वर्षं चालला. सरकारी 'तात्पुरतं' म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आमच्या आखाडा बाळापूरकडं जुनं माळवद पाडलं की माती उकिरड्यावर जाते. तुळया, खांब, चौकटी मात्र बाजूला काढतात. त्यांना गिऱ्हाईक असतं. आजोबांच्या ढेलजेतला नक्षीचा खांब कुणाच्या तरी गोठ्यात उभा राहतो आणि त्याला म्हशीचं दावं बांधतात. वेलस्लीचं हेच झालं. ओकाची असती तर लवकर मोडीत निघून सुटली असती.

मोठ्यांचे तरंगते तुरुंग १८५७ पर्यंत बंद झाले. पण पोरांसाठी 'सुधारशाळा' निघाल्या होत्या आणि त्यांना जहाजं हवी होती. १८६८ मध्ये वेलस्ली लंडनच्या स्कूल शिप सोसायटीकडं गेली. सोसायटीचं आधीचं जहाज 'कॉर्नवॉल'. दोघींनी नावं बदलली: ही कॉर्नवॉल झाली, ती वेलस्ली होऊन टाइन नदीवर गेली, तीही पोरंच सांभाळायला. मुंबईच्या पोरीचं नाव असं परस्पर दुसरीला दिलं गेलं.

थेम्सवर पर्फ्लीटसमोर नांगरलेल्या या कॉर्नवॉलवर कोर्टाच्या हुकमानं पोरं येत. चोऱ्यामाऱ्या केलेली, आधी काही दिवस खऱ्या तुरुंगात काढलेली. दोर, गाठी, वल्हं, कवायत शिकायची. खलाशी म्हणून पोटाला लागायची सोय होती, हे नाकारत नाही. तरी मुदत भरेपर्यंत घर नाही, याला मी तुरुंगच म्हणेन. पाटी शाळेची असली तरी. ऑगस्ट १९१५ मध्ये या पोरांच्या होडीची टगबोटीशी टक्कर झाली आणि कितीतरी पोरं बुडाली. नदीवर राहून नदीचंच शिक्षण घेणारी पोरं! त्यांची कबर वेस्ट थरॉकच्या सेंट क्लेमेंट चर्चच्या आवारात आहे.

पुढं तिला ग्रेव्हसेंडजवळ हलवलं. २४ सप्टेंबर १९४० रोजी जर्मन विमानांच्या बॉम्बनं ती बुडाली. शत्रूच्या हल्ल्यात बुडालेलं शिडाच्या जमान्यातलं ब्रिटिशांचं हे शेवटचं लढाऊ जहाज, आणि विमानहल्ल्यानं बुडालेलं एकमेव. असईच्या लढाईची तारीख होती २३ सप्टेंबर. एका दिवसानं चुकामूक झाली.

सागानं तरी पाठ सोडली नाही. १९४८ मध्ये तिला वर काढून टिलबरीला तोडली. सव्वाशेहून अधिक वर्षं पाण्यात काढलेलं लाकूड, पण चांगलं निघालं. त्यातलं काही युद्धात मोडलेल्या लंडनच्या न्यायालयाच्या दुरुस्तीला वापरलं.