फाल्गुनातील अंगण

विलायतेत छापलेल्या बागकामाच्या पुस्तकांत वसंतारंभाच्या कामांची मोठी यादी असते. हिवाळा सरला की हिरवळीवरचे मेलेले गवत दाताळ्याने ओढून काढावे, रिकाम्या जागी बी पेरावे, खत द्यावे, गुलाब छाटावेत, वाफे उकरून स्वच्छ करावेत. आमच्या सेमिनरीच्या ग्रंथालयात अशी काही जुनी पुस्तके होती. त्यांतील महिने आणि खिडकीबाहेरचे महिने यांचा मेळ कधीच बसत नसे. पुस्तकातला मार्च मातीला जागे करणारा. आमचा मार्च मातीला तापवणारा!

आपल्या पंचांगाचा हिशेब अधिक खरा आहे. त्याप्रमाणे माघ आणि फाल्गुन हे शिशिराचे, म्हणजे पानगळीचे महिने; वसंत येतो तो चैत्रात. मुंबईचा पाऊसही लक्षात घ्यावा. वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी येथे पडते, परंतु ते जवळजवळ सगळे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एकदा ऑक्टोबर उलटला की मे अखेरपर्यंत आभाळ कोरडेच. म्हणजे फेब्रुवारी हा या शहरातील बागेसाठी नव्या आरंभाचा महिना नसून लांबलचक उपवासाचा मध्य आहे, आणि सर्वांत कठीण दिवस अजून पुढेच आहेत.

म्हणून आपल्याकडील जाणत्या माळ्यांनी कामांची वाटणी वेगळी केली. गुलाबाची मोठी छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास. नाशिककडचा द्राक्षबागाईतदारही वेलीवर दोनदा कात्री चालवतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी. हिरवळ लावायची ती बी फेकून नव्हे, तर हरळीची मुळे रोवून, आणि तीही मृगाच्या सरींच्या भरवशावर. मग फाल्गुनात काय उरते? उरते ती राखण. नवे काही उभे करण्याचे हे दिवस नव्हेत. जे आहे ते पावसापर्यंत जिवंत पोहोचवण्याचे आहेत.

चिंचपोकळी या आमच्या गावठाणाच्या नावातच एक झाड आहे. त्या नावाच्या चिंचा कधीच्या गेल्या, गिरण्यांची धुराडीही गेली. तरी चर्चच्या आवारात थोडी हिरवळ, एक जुना पर्जन्यवृक्ष, एक देशी बदाम आणि भिंतीलगत दोन चाफे एवढा ठेवा अजून आहे. या दिवसांत बदामाची पाने लालभडक होऊन एकेक करून खाली येतात. पर्जन्यवृक्ष आपली बारीक पाने इतकी ढाळतो की सकाळच्या मिस्साला येणाऱ्या भाविकांच्या पायाखाली पिवळा सडा पडतो. चाफा तर पानाविना नुसता हाडांचा सांगाडा वाटतो. पाहणाऱ्याला वाटावे, बागेला अवकळा आली. परंतु झाड शहाणे आहे. पानांवाटे पाणी उडून जाते. ज्याच्याकडे पाणी थोडे, त्याने आधी खर्च कमी करावा, हे झाडाला कोणी शिकवावे लागत नाही. शिवाय टाकलेले पान ते वाया जाऊ देत नाही. आपल्याच मुळांवर ते पांघरूण घालते.

आणि नेमके हेच पांघरूण आपण रोज सकाळी झाडून काढतो.

आमच्या आवारात येणारे माळीकाका मूळचे साताऱ्याकडचे. ते एकदा म्हणाले, "फादर, उघडी माती म्हणजे उघडं डोकं. आपण उन्हात टोपी घालतो, मग मातीची टोपी का काढायची?" त्यांनी घालून दिलेली रीत साधी आहे आणि ज्यांच्या दारी चार कुंड्या आहेत त्यांनाही ती उपयोगी पडेल, म्हणून येथे नोंदवतो. पायवाटेवरची पाने झाडावीत, परंतु ती झाडांच्या आळ्यांत नेऊन टाकावीत. थर दोन-तीन इंचांचा असावा. बुंध्याला मात्र तो चिकटू देऊ नये, चार बोटे मोकळी ठेवावीत, म्हणजे साल कुजत नाही. पाणी रोज वरवर शिंपडण्याऐवजी दोन-चार दिवसांनी, पहाटे किंवा सूर्यास्तानंतर, खोलवर मुरेल असे द्यावे. रोजच्या शिंपडण्याने मुळे वरच राहतात आणि उन्हाचा पहिला तडाखा त्यांनाच बसतो. हिरवळ अगदी बुडख्यापासून कापू नये. पात्याचा तिसरा हिस्सा काढला तरी पुरे. उंच पाते आपल्याच मुळांवर सावली धरते. लव्हाळा मात्र वरून ओढून भागत नाही. त्याची गाठ जमिनीत राहिली की तो पुन्हा उभा राहतो, म्हणून खुरप्याने गाठीसकट काढावा.

उरलेला पाला खड्ड्यात घालावा. कोरड्या पानांचा एक थर, त्यावर स्वयंपाकघरातील भाजीच्या देठांचा थर, थोडी माती, थोडे पाणी आणि मधूनमधून उलथापालथ. पर्जन्यवृक्षाचे पान लवकर कुजते. बदामाचे चामड्यासारखे पान वेळ घेते, ते हाताने चुरडून टाकावे. पाऊस येईतो पुष्कळसा पाला काळाभोर होऊन जातो. पाला पेटवून देण्याची जुनी सवय अजून काही आवारांत दिसते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६मध्ये देशभर उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करून साध्या जाळण्यास पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावरील जाळण्यास पंचवीस हजार रुपये दंड ठरवला, तो उगाच नव्हे. आधीच धुराने आणि धुळीने भरलेल्या वस्तीत दम्याच्या म्हाताऱ्यांच्या छातीत आपण आणखी काय भरतो, याचा विचार व्हावा.

हे सारे आज लिहिण्याला एक निमित्त आहे. आमच्या पॅरिश कौन्सिलपुढे या वर्षी एक प्रस्ताव आला आहे. हिरवळ उखडावी आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसवावेत. प्रस्ताव मांडणारे चर्चवर प्रेम करणारेच आहेत आणि त्यांची कारणे हसण्यावारी नेण्यासारखी नाहीत. काठी टेकत येणाऱ्या आजींचा पाय ओबडधोबड जमिनीवर मुरगळतो. पावसाळ्यात चिखल होतो, उन्हाळ्यात धूळ उडते. लग्नाच्या दिवशी गाड्या उभ्या करायला जागा नसते. एका भगिनींनी स्पष्टच विचारले, "फादर, चार महिने पिवळी पडणारी हिरवळ ठेवायची तरी कशाला?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हास आवाराबाहेर पाहिल्यावर मिळाले. आपल्या गिरणगावाने मोकळी जमीन हातातून जाताना पाहिली आहे. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८व्या नियमाने गिरणीची जमीन पुनर्विकासाला निघाल्यास तिचा साधारण तिसरा हिस्सा शहराच्या मोकळ्या जागांसाठी ठेवला होता. २००१च्या दुरुस्तीने हा हिस्सा इमारती नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरताच उरला, आणि मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. ज्या मैदानांची आणि उद्यानांची आशा होती, त्यांतील बहुतेक कागदावरच राहिली. त्या जागी उंच मनोरे आले. अशा वस्तीत उघडी राहिलेली दहा पावले मातीसुद्धा एकट्या चर्चची मालमत्ता राहत नाही.

याच परिसरात याउलट उदाहरणही आहे. १८३०च्या दशकात शिवडीला ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेण्यात आली, तेव्हा तेथील झाडे-रोपे टाकून न देता भायखळ्याच्या नव्या बागेत आणली गेली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते खुली झालेली ती बाग म्हणजेच आपली राणीची बाग. १८७३मध्ये ती सोसायटी संपुष्टात आल्यावर नगरपालिकेने बाग सांभाळली. शिवडीच्या दफनभूमीत आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील विसावले आहेत, आणि राणीच्या बागेत आपली मुले खेळली आहेत. एका बागेची जागा गेली, तरी बाग टिकली, कारण कोणीतरी रोपे उचलून नेण्याचे कष्ट घेतले. पेव्हर ब्लॉकखाली गेलेली माती मात्र कोणी उचलून नेत नाही.

पर्जन्यवृक्षाचा प्रश्न तर त्याहून गंभीर आहे. गेल्या दशकात मुंबईतील अनेक पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकणाच्या उपद्रवाने वाळले. बुंध्याला सिमेंटचा गळफास बसला की मुळांना हवा आणि पाणी मिळत नाही, आणि दुबळे झाड रोगाला लवकर बळी पडते. हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. आपल्या झाडाची सावली भर उन्हात संबंध दरवाजावर पडते. तिच्यात मिस्सानंतर म्हातारी माणसे बसतात, रस्त्यावरचा हमालही घटकाभर टेकतो. ती सावली गेली, तर नव्या गुळगुळीत फरशीवर दुपारी कोण थांबेल?

आमचे मत आम्ही कौन्सिलपुढे ठेवले आहे. फाटकापासून दरवाजापर्यंत एक सपाट, रुंद वाट फरशीची व्हावी, म्हणजे काठीवाल्या आजी आणि चाकाची खुर्ची निर्धास्त येतील. तेवढे करणे आपले कर्तव्यच आहे. बाकीची माती मोकळी राहावी. लग्नाच्या गाड्यांनी दोन तास रस्त्यापलीकडे उभे राहावे. निर्णय ईस्टरनंतरच्या बैठकीत होईल. तोवर ज्यांना शक्य आहे त्या कुटुंबांनी शनिवारी सकाळी तासभर यावे, पाने गोळा करावीत, आळी भरावीत आणि त्या मातीत हात घालून मगच मत द्यावे, एवढीच आमची विनंती.

इंग्रजीत उपवासकाळाला जो 'लेंट' शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ वसंत, दिवस लांबत जाण्याचा काळ, असा आहे. राखेच्या बुधवारी कपाळावर लावण्यासाठी आपण मागील वर्षीच्या झावळ्या जाळतो. वर्षभरात आपल्या आवारात तेवढीच पाने जळावीत. बाकीची पाने जेथे पडली तेथे मातीच्या कामी यावीत. जूनमध्ये पहिला पाऊस येईल, तेव्हा त्याला मुरायला जागा असावी.