पांढरं जाणं आणि पाळणा



लोणचं, पापड, पर्युषणाची तयारी यावर आपण तासन् तास बोलतो. पण अंगावर पांढरं जातं, खाली खाज सुटते, हे सख्ख्या बहिणीलाही सांगत नाही. आज त्यावरच लिहिते.

आमच्या अड्याळला नात्यातली एक सून मला म्हणाली, "काकू, घरचे म्हणतात, तुला पांढरं जाते म्हणून दिवस राहत नाही. आतली बुरशी बीज मारून टाकते म्हणे." लग्नाला दोन वर्षं झालेली. तिची तपासणी झाली नव्हती, नवऱ्याचीही नाही. निकाल मात्र लागला होता. मी कॉमर्सची, डॉक्टर नाही. म्हणून तिला घेऊन भंडाऱ्याला स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले आणि सगळं विचारून घेतलं.

या बुरशीचं नाव कँडिडा. ती थोड्या प्रमाणात अनेकींच्या शरीरात असतेच. अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या, मधुमेह असला किंवा गर्भारपण असलं की ती वाढते. मग खाज, आग आणि दह्याच्या चोथ्यासारखा पांढरा स्राव. चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. म्हणजे हा कुणाच्या चारित्र्याचा किंवा अस्वच्छतेचा पुरावा नाही.

आता बीजाचं. काचेच्या नळीत शुक्राणू आणि ही बुरशी एकत्र ठेवली, तर शुक्राणूंची हालचाल मंदावते, असं प्रयोगात दिसलं आहे. पण शरीर म्हणजे काचेची नळी नव्हे. शुक्राणू योनीत फार वेळ थांबत नाहीत. बीज सुटायच्या दिवसांत ते गर्भाशयाच्या मुखाच्या चिकट स्रावात शिरतात आणि आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. बुरशी सहसा खालीच राहते, गर्भनलिकांपर्यंत चढत नाही. तिच्यामुळे वंध्यत्व येतं असं सिद्ध झालेलं नाही. आग होते, संबंध नकोसे वाटतात आणि नेमके दिवस निघून जातात, हे मात्र खरं.

उपाय साधा आहे. क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी, बहुतेकींना काही दिवसांत आराम. तोंडाने घ्यायची फ्लुकोनॅझोल दिवस गेल्याची शंका असेल तर मनाने घेऊ नका. आतून साबण लावू नका, दही-लसूण ठेवू नका. त्रास वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासा.

स्रावाला घाण वास, ओटीपोटात दुखणं, ताप असेल तर मात्र थांबू नका. क्लॅमिडिया, गनोरिया आणि गर्भाशयाचा क्षयरोग यांनी गर्भनलिका बंद होऊ शकतात. 'पांढरंच तर जातं' म्हणून अंगावर काढण्यात खरा धोका आहे.

आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली ती 'लॅन्सेट' साप्ताहिकात छापून आली. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. त्या आकड्यांतली लाज आजही आपल्या घराघरात आहे.

वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, तर दोघांनी तपासून घ्यावं. पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांतच. मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूचं कारण किंवा त्याचा वाटा असतो, आणि वीर्यतपासणी तर किती सोपी! जमाखर्चाची एकच बाजू बघून ताळेबंद लागत नाही.

काही घरांत 'हे तिच्या पूर्वकर्माचं फळ' असंही म्हणतात. कर्माचा विचार स्वतःचे कषाय कमी करायला आहे, दुसऱ्याच्या लेकीला दूषण द्यायला नाही. कडू बोलून दुखावणं हीसुद्धा हिंसाच. सासवांनो, सुनेला एकदा जवळ बसवून विचारा, "खाली काही त्रास होतो का गं?" आणि उत्तर आलं की तिच्यासोबत दवाखान्यात जा.