पाठीमागून न ऐकू येणारं

लक्ष्मी रस्त्यावर चालणारा पुणेकर अर्धा रस्ता कानांनीच पार करतो. पाठीमागून रिक्षा येतेय की बस, हे त्याला वळून न बघताच कळत आलंय. आता ती सवय दगा देऊ लागली आहे. कानात इअरफोन, नजर मोबाईलवर, आणि शेजारून सरकन निघून गेलेली इलेक्ट्रिक स्कूटर. छातीत धस्स होतं ते ती गेल्यावर.

फेब्रुवारी २०१९ मध्ये पीएमपीच्या ताफ्यात पहिल्या इलेक्ट्रिक बस आल्या. २०२० च्या सुरुवातीला विजेवरची चेतक स्कूटर. धूर घटला, कलकलाट घटला, हे शहराचं भाग्यच. पण कमी वेगात टायरचाही फारसा आवाज नसतो, आणि गल्लीबोळांत वाहनं कमी वेगातच असतात.

अमेरिकेत हा धोका आधी ओळखला तो अंधांच्या संघटनेने. तिच्या पाठपुराव्याने २०१० मध्ये तिथल्या संसदेने अशा वाहनांच्या आवाजाबाबत कायदा मंजूर केला. युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक कारला ताशी २० किलोमीटरपर्यंत कृत्रिम आवाज सक्तीचा आहे. आपल्याकडे केंद्राने २०२५ मध्ये मसुदा काढला: ऑक्टोबर २०२६ पासून नव्या मॉडेलच्या इलेक्ट्रिक कार, बस, ट्रकना असा आवाज हवा.

मोबाईलमध्ये हरवलेल्याला रागावणं सोपं आहे. पांढरी काठी घेऊन निघालेल्याचं काय? त्याचं लक्ष तर पूर्ण रस्त्यावर असतं.

केंद्राच्या त्या मसुद्यात दुचाकी नाहीत. पुणं दुचाकींचं शहर आहे. त्यांनाही हा नियम लागू व्हायलाच हवा.