काकांचा चीन

आमच्या थोरल्या काकांना चीनबद्दल कुणी वावगं बोललेलं खपत नसे. ते सोलापूरच्या एका गिरणीत साळखात्यात होते, लाल बावट्याच्या युनियनचे सभासद होते आणि चीन त्यांनी नकाशाखेरीज कुठे पाहिला नव्हता. पण भैय्या चौकाजवळचं कोटणिसांचं घर त्यांचं फार लाडकं. पहिली पाळी करून आले की मला सायकलच्या दांडीवर बसवून तिकडे न्यायचे. घराची तेव्हा पडझड झाली होती, कुलूप असायचं. काका बाहेरच उभे राहून सगळं सांगायचे. जणू भाऊबंदातल्याच कुणाची गोष्ट सांगताहेत.

ती गोष्ट अशी. जपाननं चीनवर आक्रमण केलं तेव्हा चिनी सेनानी च्यू तेह यांनी नेहरूंकडे डॉक्टर मागितले. काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषबाबू. लोकांकडून 22 हजार रुपये जमले आणि 1938 च्या सप्टेंबरात मुंबईच्या बंदरातून पाच डॉक्टर निघाले. अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि आमच्या सोलापूरचा 27 वर्षांचा द्वारकानाथ कोटणीस. वडील वारल्याचं त्याला चीनमध्येच कळलं, तरी तो फिरला नाही. डोंगरदऱ्यांत जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, तिथली भाषा शिकला, कॅनेडियन डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचा पहिला संचालक झाला, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. 9 डिसेंबर 1942 रोजी अपस्माराच्या झटक्यानं गेला. मुलगा तेव्हा जेमतेम साडेतीन महिन्यांचा. चौघे परतले, हा तिथेच राहिला.

“बोलावलं म्हणून गेला की,” काका म्हणायचे, “फायदा बघून न्हाई गेला.”

काकांचं सगळं परराष्ट्र धोरण या वाक्यात होतं, आणि मला ते आजही भाबडं वाटत नाही. एक देश गुलाम, दुसरा युद्धानं होरपळलेला. दोघांमध्ये ना करार, ना देण्याघेण्याचा हिशेब. चाळीतल्या लोकांनी आपल्या खिशातले पैसे काढून दिले आणि ज्यांचं तोंडही पाहिलं नव्हतं त्यांच्यासाठी औषधं पाठवली. देशादेशांत असंही नातं असू शकतं याचा पुरावा आपल्याच गावात आहे, याचा काकांना अभिमान होता.

1962 साली चीनशी युद्ध झालं आणि या अभिमानाची परीक्षा झाली. गिरणीच्या फाटकावर लोक त्यांना ‘चिनी’ म्हणू लागले. कम्युनिस्ट पक्षाचे काही जण तुरुंगात गेले आणि दोन वर्षांनी पक्षच दुभंगला. काका त्या दिवसांबद्दल फार बोलत नसत. सीमेचं भांडण आहे, मिटेल, एवढंच म्हणत.

त्यांना खरा धक्का बसला तो शांततेच्या काळात. डिसेंबर 1978 मध्ये चीनचे नेते तंग शियाओपिंग यांनी अर्थव्यवस्थेची दिशा बदलायला घेतली. 1 जानेवारी 1979 ला अमेरिकेशी राजनैतिक संबंध सुरू झाले. फेब्रुवारीत चीननं व्हिएतनामवर हल्ला केला. आपले परराष्ट्रमंत्री वाजपेयी तेव्हा चीनमध्येच होते, ते दौरा आवरता घेऊन परतले. अमेरिकेला हरवणाऱ्या व्हिएतनामवर चीननं तोफा डागाव्यात, हे काकांच्या डोक्यात बसेना. ते वर्तमानपत्र पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

आज मागे वळून पाहताना त्यातलं बरंचसं उलगडतं. ज्या देशाला कारखाने उभारायचे आहेत त्याला भांडवल, यंत्रं आणि गिऱ्हाईक लागतं. गिऱ्हाईक श्रीमंतांकडे असतं. मग दूरच्या क्रांतिकारकांपेक्षा अमेरिकेशी जमवून घेणं गरजेचं होतं. 1967 साली पेकिंग रेडिओ नक्षलबारीचं कौतुक करत होता, तोच चीन 1988 मध्ये राजीव गांधींचं स्वागत करत होता. सीमाप्रश्न बाजूला ठेवून व्यापार वाढवायचं ठरलं, 1993 आणि 1996 मध्ये सीमेवर शांतता राखण्याचे करार झाले. हे वाईट झालं असं मी कधीच म्हणणार नाही. तिकडे कोट्यवधी माणसं दारिद्र्यातून वर आली, इकडे सीमेवर बरीच वर्षं गोळी सुटली नाही. पण काकांचा जो चीन होता, ज्याच्याशी गिरणीतल्या माणसाचंही काही नातं होतं, तो या वाटाघाटींत कुठे उरला नाही. आता बोलणी व्हायची ती दोन बाजारपेठांची.

तोवर सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले होते. काकांची गिरणीही बंद पडली. पुढे 2001 च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि आमच्या बाजारातही चिनी माल दिसू लागला. खेळणी, विजेच्या माळा, मग मऊमऊ मिंक ब्लँकेटं. शेवटच्या आजारपणात काकांना सुती सोलापुरी चादर जड व्हायची. चुलत बहिणीनं तसलं एक ब्लँकेट आणलं. जन्मभर चादरीचं सूत हाताळलेल्या त्या माणसाला त्याच्याखाली नीट झोप लागली, आणि मला मात्र तिथे बसवेना.

त्याआधी, 2012 मध्ये, कोटणिसांच्या घराचं स्मारक झालं तेव्हा ते बघून आले होते. त्यांना बरं वाटलं. भारतात आलेले चिनी नेते कोटणीस कुटुंबाला आवर्जून भेटत: 2006 साली हू चिंताओ, पुढे ली खछ्यांग आणि शी चिनफिंग. त्या भेटी मनापासूनच्या होत्या असं मी मानतो. चिनी माणूस कोटणिसांना विसरलेला नाही. 2009 साली तिथल्या लोकांनी शतकातले दहा विदेशी मित्र निवडले, त्यांत ते होते. दुःख आहे ते वेगळंच. त्या एका माणसाच्या पुण्याईवर दोन देश अजून बोलतात, त्यात नवी भर कुणी घातली नाही. इकडून जातो कच्चा माल, तिकडून येतात यंत्रं आणि फोन. कुणी कुणाच्या हाकेला धावून जात नाही.

काका गेल्यानंतरची गोष्ट. जून 2020 मध्ये गलवानला आपले 20 जवान मारले गेले. गावात चिनी मालावर बहिष्काराच्या घोषणा झाल्या. त्याच पावसाळ्यात बातमी आली की चीनमध्ये शिच्याच्वांगला, कोटणिसांच्याच नावाच्या वैद्यकीय विद्यालयासमोर, त्यांचा ब्राँझचा पुतळा उभा राहतोय. तिथले विद्यार्थी शिक्षण संपवताना त्यांच्या आधीच्या पुतळ्यापुढे शपथ घेतात, असंही त्यात होतं. मी ती बातमी काकूंना फोनवर वाचून दाखवली.

“मग आता भांडण मिटलं का?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही. सैन्य समोरासमोर आहे, आणि माल येतोच आहे.