नगर रस्त्यावरचा थांबा

येरवड्यात राहून आम्हांला वीसेक वर्षे झाली. नगरकडे जाताना लोणीकंद मागे पडते, पेरणे फाटा येतो आणि भीमेच्या अलीकडे कोरेगावचा विजयस्तंभ दिसतो. आम्ही तो असंख्य वेळा पाहिला, अर्थात एस.टी.च्या खिडकीतून.

गेल्या प्रजासत्ताकदिनी वस्तीतल्या एका शाळेने माजी सैनिकांचा सत्कार योजला होता. प्रमुख पाहुणे म्हणून आम्ही 'मराठी साहित्यातील वीररस' या विषयावर बोललो. मुले शिस्तीत कंटाळली. मग शाल-श्रीफळ झाले, आणि निवेदिकाबाईंनी महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेल्या एका हवालदारांना शौर्याचा प्रसंग सांगण्याची विनंती केली.

"प्रसंग राहू द्या," ते म्हणाले, "कोरेगावचा खांब कुणी कुणी पाहिलाय?"

निम्म्याअधिक मुलांचे हात वर झाले. पहिल्या रांगेतल्या एका मुलीने आमच्याकडे वळून विचारले, "सर, तुम्ही नाही पाहिला?"

"जाता-येता पाहिलाय."

"उतरून नाही?"

दलित साहित्याची अभ्यासपत्रिका आम्ही इतकी वर्षे शिकवतो. १ जानेवारी १८१८ ची लढाई, १ जानेवारी १९२७ ची बाबासाहेबांची भेट, हे सारे आमच्या टिपणांत आहे. मात्र १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचारानंतर हा विषय वर्गात निघाला की आमचा आवाज नकळत खाली येतो. त्याला आम्ही संयम म्हणत आलो. त्या मुलीच्या प्रश्नाने त्याचे खरे नाव कळले.

पुढच्या रविवारी हवालदारांसोबत आम्ही पेरणे फाट्यावर उतरलो. स्तंभावर कामी आलेल्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत 'नाक' या प्रत्ययाची बावीस. इतर जातिधर्मांचीही आहेत. हवालदार एकेक नाव सावकाश, हजेरी घ्यावी तसे वाचत होते.

हा सन्मान कंपनी सरकारने केला, आणि १८९० च्या दशकात इंग्रजी राजवटीनेच महारांची सैन्यभरती बंद केली. पलटणीतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली भरतीसाठी विनंतीअर्ज सिद्ध केला, तो या पार्श्वभूमीवर. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभारली गेली; युद्ध सरल्यावर १९२१ मध्ये ती मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची, आणि तिच्या आरंभीच्या बोधचिन्हावर हाच स्तंभ होता. म्हणजे दगडावर नाव कोरलेले असतानाही नातवंडांना दार बंद होऊ शकते. हा इतिहास वर्गात सांगताना आम्ही सनावळीपाशी थांबत होतो. ज्यांच्या घरात तो घडला ती मुले समोरच्या बाकांवर बसलेली असत, त्यांना कधी बोलते केले नाही.

परतीच्या गाडीची वाट पाहताना आम्ही हवालदारांना म्हणालो, "त्या दिवशी आमचे भाषण फार लांबले."

"लांबले खरे," ते हसून म्हणाले. "पुढल्या वेळी पोरांना इथंच आणा, सर. नावं त्यांनाच वाचू द्या."

शाळेला तसे पत्र आम्ही दिले आहे. वीररसावरचे टिपण मात्र सोबत जोडलेले नाही.