चोच मोडलेला बगळा

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. धुळ्याच्या नकाणे तलावावरून एका वाचकाने फोटो पाठवला. राखट पांढरं अंग, काळे पंख, आणि चोच मिटलेली असूनही मधे आरपार फट. मी फोटो तीन कॉलम लावला आणि खाली ओळ ठोकली : ‘चोच मोडलेला जखमी बगळा, वनविभाग लक्ष देणार का?’

सकाळीच एका निवृत्त सरांचा फोन. "भाऊ, तुमचा बगळा ठणठणीत आहे. आणि तो बगळा नाहीच, मुग्धबलाक आहे. करकोच्यांतला. पिल्लू असताना चोच बंद असते, मोठेपणी फट पडते."

लाज वाटली म्हणून बघायला गेलो. काठावर एक भोईबाबा जाळं निवडत बसले होते. विचारलं, "बाबा, यानी चोच मोडेल शे का?" ते हसले. "नही रे भो. तो शंखमाईन मास काढस."

नेमकं तेच. हा पक्षी पाण्यातल्या गोगलगायींवर जगतो. फटीत शंख धरून अडकित्त्यासारखा फोडत असेल, असं पूर्वी मोठमोठ्या लोकांना वाटायचं. प्रत्यक्षात तो खालच्या चोचीचं टोक शंखाच्या झाकणाखाली सारतो, आतला स्नायू कापतो आणि जीव बाहेर ओढतो. शंख बहुतेकदा शाबूत राहतो. इंग्रजी अमदानीतले पक्षीअभ्यासक जेर्डन यांनी तर लिहून ठेवलंय की डोळे बांधले तरी तो गोगलगाय शोधतो. गढूळ पाण्यात डोळ्यांचं काम काय! आफ्रिकेत याचा भाऊबंद आहे, सगळा काळा, चोचीला तीच फट, धंदाही तोच.

पण त्याला पोहता येत नाही. चालत चालत खायचं, म्हणजे पाणी गुडघाभर आणि खाली चिखल पाहिजे. मोठ्या तलावात अशी जागा काठालाच असते.

इथे माझी दुसरी चूक येते, आणि ती मी अजून करतो. ‘नकाणे तुडुंब, धुळेकरांची चिंता मिटली’ हा मथळा किती वेळा दिला असेल! खोटा नाही. आपल्याकडे पाण्याची किंमत कुणी सांगायला नको. पण काठ उतरता असेल तर तलाव भरला तरी पक्ष्याला उथळ पट्टा उरतो. काठ उभा कापला की थेट डोह.

जळगावकडे हतनूर बघा. तापी-पूर्णेच्या संगमाजवळचं धरण, ४१ दरवाजे. पात्रात वर्षानुवर्षं गाळ साचला, साठा घटला. भुसावळच्या दीपनगरच्या वीज केंद्राला पाणी तिथूनच जातं, म्हणून ‘गाळ काढा’ हेही मीच लिहिलं. आणि त्याच गाळाच्या उथळ पट्ट्यांमुळे तिथे एवढे पक्षी उतरतात की हतनूरची नोंद महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांत झाली. आता कुणाची बाजू घ्यायची?

गाळ काढूच नका असं म्हणणारा मी नाही. शेतकऱ्याला तो सोन्यासारखा लागतो. पण काढायचा तर मधून काढा, कडेचा उतार मोडू नका. माझा खरा राग सुशोभीकरणावर आहे. कुठलाही तलाव घ्या, अंदाजपत्रक ठरलेलं : चारी बाजूंनी दगडी पिचिंग, जॉगिंग ट्रॅक, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट. वर सिमेंटचे दोन बगळे. खरे येणार कुठे?

एका अधिकाऱ्याला विचारलं, एक बाजू कच्ची सोडली तर? म्हणाले, "चिखल दिसतो हो, लोक तक्रार करतात." त्यांचंही खरं. चिखलाचा फोटो छापून ‘तलावाची दुरवस्था’ लिहिणारे आम्हीच.

तुमच्या गावच्या तलावाचं असं काम निघालं असेल तर नकाशा मागा आणि काठ कुठे कच्चा ठेवलाय ते बघा. मुग्धबलाक दिसला तर फोटो पाठवा, जागा आणि तारीख लिहून. यावेळी ओळ नीट देईन.